गाणं मध्येच थांबवणारी माणसं

कॅरोलायनाहून पिस्कॅटवेला ताईच्या घरी परत येऊन चार दिवस झाले, तरी त्या व्हॅनचं सीट अजून माझ्या पाठीतून उतरलेलं नाही. तासगावच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, फोटो टाक, फोटो टाक. फोटोत अमेरिका झकास येते. रस्ते गुळगुळीत, झाडं ओळीत, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे. त्या फोटोच्या मागं माणसाच्या जिवाला काय काय लागतं, ते लिहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहितोय. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

मी इथं का आलो ते आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत आहे. पस्तीस वर्षं मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा केला, त्यात कान गेले. मिरवणुकीत बेसच्या भिंतीशेजारी उभं राहणाऱ्याचे जातातच. ताईनं आणि दाजींनी तिकीट काढून इकडं बोलावलं, कान तपासले, दोन्ही कानांत बसवायची यंत्रं आणून दिली. पहिल्या दिवशी मला फ्रिजचा आवाज ऐकू आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. या उपकाराखाली मान इतकी वाकली होती की ताईनं कॅरोलायनाचं काम सांगितलं तेव्हा नाही म्हणायला ती वर आलीच नाही.

काम होतं केतकीचं. केतकी म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, वय बत्तीस, जन्म इथलाच. ती गाते. आणि काय गाते, तर रेगे आणि डान्सहॉल. जमैका बेटावरचं हे संगीत. रेगे म्हणजे संथ, मान डोलवायला लावणारं. डान्सहॉल म्हणजे त्याच घरातला धाकटा, वांड भाऊ. सूक्ष्मजीवशास्त्राची डिग्री घेतलेली, लॅबमध्ये सात वर्षं नोकरी केलेली मुलगी दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून पूर्ण वेळ हे करायला लागली. तेव्हापासून ताईच्या घरात जेवताना कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आता मॉरिसव्हिलजवळच्या एका लॅबमधून तिला बोलावणं आलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. योगायोगानं त्याच आठवड्यात तिचे तीन कार्यक्रम होते, आणि शेवटचा मॉरिसव्हिललाच. ताई म्हणाली, तू बरोबर जा. मामा आहेस, तुझं ऐकते ती. होकार घेऊनच परत ये.

ती कुणाचंच ऐकत नाही. पण ताईपुढं हे बोलायची माझी टाप नाही.

निघताना दाजींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "दत्ता, तू व्हिजिटर व्हिसावर आहेस. तिथं साउंडचं सामान दिसेल, तुझे हात शिवशिवतील. एका वायरला हात लावायचा नाही. इकडं त्याला काम म्हणतात." तेव्हापासून मी हात खिशात घालूनच अमेरिका बघितली.

गुरुवार, मेरीलँड

व्हॅन डेल्रॉयची. हे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, मूळचे जमैकाचे, जटा पाठीपर्यंत, बोलणं मोजकं. तरुणपणी स्वतः गायचे, आता त्यांचा साउंड आहे. आपल्याकडं साउंड म्हणतात तसंच तिकडंही साउंडच म्हणतात, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. स्पीकरचे बॉक्स त्यांनी स्वतः प्लायवूडचे बनवलेले, कोपरे हातानं घासलेले. मी पाहिले आणि मनात म्हटलं, हा आपला माणूस. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण माझं इंग्रजी आठवीतच राहिलं. केतकी मला मामा म्हणते म्हणून तेही मला मामाच म्हणायला लागले. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा माणूस.

पहिला ताप जेवणाचा. डेल्रॉयच्या बायकोनं मोठं पातेलं भरून भोपळा, राजमा आणि नारळाच्या दुधाचं कालवण दिलं होतं. ते मांस खात नाहीत. दुपारी रस्त्याकडेच्या बाकावर बसलो, एक घास घेतला आणि लक्षात आलं की बाई मीठ घालायला विसरल्या. परक्या माणसाचा अपमान कशाला, म्हणून दोघं हात धुवायला गेले तेवढ्यात मी पिशवीतली मिठाची पुडी काढून अंदाजानं घातलं, नीट ढवळलं. डेल्रॉय आले, एक चमचा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला आणि उठून गेले. पुढचा दीड दिवस तो माणूस केळ्यांवर होता.

केतकी व्हॅनच्या मागं नेऊन माझ्यावर घसरली. "मामा, ते मीठ खात नाहीत. इट्स देअर फेथ. तू विचारायचं तरी ना!"

आता मला काय स्वप्न पडलं होतं? पण मग माझी आत्या आठवली, ती शनिवारी अळणी खायची आणि त्या दिवशी तिच्या ताटाला कुणी मीठ लावलेला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे मी अमेरिकेत येऊन एका म्हाताऱ्या माणसाचं व्रत मोडलं. त्यांची माफी मागायची तर शब्द नाहीत. मी केळी विकत आणून दिली. त्यांनी घेतली, मान हलवली. राग गेला की नाही ते कळलं नाही.

संध्याकाळी एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये कार्यक्रम. बॉक्स लावताना मी हात खिशात घालून उभा. साउंड चालू झाला आणि नव्या यंत्रातून पहिली गोष्ट ऐकू आली ती म्हणजे हमिंग. बारीक, सतत, माशी घोंघावल्यासारखं. अर्थिंग ढिलं होतं, दुसरं काही नाही. पाच मिनिटांचं काम. मी केतकीला सांगितलं, ती म्हणाली, ते असंच आहे वर्षानुवर्षं, आता डेल्रॉयना ऐकूही येत नाही. आणि बाबांनी काय सांगितलंय? हात खिशात.

केतकी गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर आनंद झाला. ती मात्र घुम्यासारखी व्हॅनमध्ये बसली.

शुक्रवार, रस्त्यात

होकार कसा काढायचा, याचा मी रात्रभर विचार केला होता. ठरवलं की आधी तिचं ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं. पण ती सकाळपासून आल्याचा काढा पीत गाडी चालवत होती आणि गळा जपायचा म्हणून बोलत नव्हती. बोलत नाही अशा माणसाला पटवायचं कसं? शेवटी व्हर्जिनियात पेट्रोल भरताना मी चिडून म्हटलं, निदान हे तरी सांग, हे वेड शिरलं कुठून?

मग सांगितलं तिनं, तुकड्यातुकड्यात, दोन तासांत.

ताई आणि दाजी दोघं नोकरीवर. केतकी दोन वर्षांची असल्यापासून वरच्या मजल्यावरच्या मिस पर्लकडं असायची. या बाई जमैकाच्या. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची नोकरी, आणि दिवसा घरी केतकीसारखी दोन-तीन पोरं सांभाळायच्या. शनिवारी घर पुसताना रेकॉर्ड लावायच्या, पोरीच्या हातात फडकं द्यायच्या. केतकीला मराठी बोलता यायच्या आधी ती गाणी यायला लागली. अकराव्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत तिनं आरती त्याच ठेक्यात म्हटली. कमिटीतल्या एका काकूंनी माईक काढून घेतला. ते सांगताना ती अजून हसते, आणि ताई अजून हसत नाही.

कॉलेजात रेडिओवर गायली. तेविसाव्या वर्षी डेल्रॉयनी तिच्याकडून पहिलं गाणं करून घेतलं, त्यांच्या साउंडचं नाव घातलेलं, फक्त त्यांनीच वाजवायचं. मी म्हटलं, म्हणजे आपल्याकडं मंडळाचं नाव घालून गाणं करून घेतात तसंच की. ती म्हणाली, "एक्झॅक्टली, मामा," आणि पहिल्यांदा माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. मग लॅबमधून सुट्टी काढून मिस पर्लबरोबर ती जमैकात किंग्स्टनला गेली. तिथं पहिल्यांदा लोक हसले. ही भारतीय पोरगी आमचं काय गाणार? तिनं त्यांच्यासारखं बोलायचं सोंग न आणता आपल्याच आवाजात गायलं, तेव्हा गप्प झाले. तिचं एक गाणं तिकडच्या रेडिओवर लागलं. मग गळ्यात गाठी आल्या. सहा महिने बोलायचं नाही, घरात पाटीवर लिहून दाखवायचं. ताईला वाटलं, संपलं. आवाज परत आला आणि हिनं लॅब सोडली.

गाताना ती केतकी पर्ल नाव लावते. बापाचं आडनाव टाकून शेजारणीचं नाव लावलं, हे ताईला नोकरी सोडल्यापेक्षा जास्त लागलंय.

मी विचारलं, रेडिओवर लागलं ते गाणं कशावर आहे. तर खिडकीवर. संध्याकाळी मिस पर्लच्या खिडकीत उभं राहून एक पोरगी खालून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे बघते. आईच्या गाडीचा एक दिवा मिणमिणता, म्हणून ती लांबूनच ओळखू येते.

"आईला वाटतं ती तक्रार आहे," केतकी म्हणाली. "तिनं पूर्ण ऐकलंच नाहीये. पहिल्या कडव्यालाच बंद केलं."

मी पण ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं, पण इंग्रजी.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. डेल्रॉय हिवाळ्यात सहा आठवडे दक्षिणेकडं साउंड घेऊन जातात, फ्लॉरिडापर्यंत. या वर्षी त्यांना एक गायिका न्यायची आहे. हे तीन कार्यक्रम म्हणजे तिची परीक्षा. त्यांनी नेलं तर लॅबला नकार, नाही नेलं तर होकार. इतकं सरळ. आता मी ताईचा माणूस. म्हाताऱ्यानं हिला नापास करावं, अशी मी इच्छा करायला हवी होती. मी तशी करूनही बघितली. जमली नाही, आणि त्याचाच जास्त वैताग आला.

त्या संध्याकाळी रिचमंडला तिनं खिडकीचं गाणं म्हटलं. टाळ्या मेरीलँडपेक्षा दुप्पट. मी उभा राहून वाजवल्या. बाहेर येऊन बघतो तर ही व्हॅनला टेकून डोळे पुसतेय.

"अगं, लोकांनी एवढ्या टाळ्या दिल्या!"

"मामा, त्यांनी गाणं पूर्ण वाजू दिलं."

मी म्हटलं, मग काय अर्ध्यात बंद करायला हवं होतं? ती म्हणाली, "फर्गेट इट, यार," आणि दार लावून घेतलं. मामाला यार. मीही तोंड फिरवून बसलो. तेव्हाच नीट विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दिवसभर दुसऱ्याचं व्रत मोडल्याचं ओझं घेऊन बसलेल्या माणसाला कुठं सुचतंय.

शनिवार, मॉरिसव्हिल

मॉरिसव्हिल म्हणजे पुण्याच्या एखाद्या नव्या सोसायटीला कुणीतरी भरपूर झाडं दिल्यासारखं. सकाळी ताईच्या मैत्रिणीकडं, मीनलकाकूंकडं पोहे. मीठ बरोबर. त्यांचे यजमान त्याच लॅबमध्ये आहेत. काकूंनी आम्हाला भाड्याचा फ्लॅट दाखवला, बाल्कनी दाखवली, केतकीला म्हणाल्या, इथं तुळस छान येईल. केतकी सगळ्याला हो हो म्हणत होती. मी मनात ताईला फोन लावायची तयारी केली. मग लक्षात आलं, ती हो म्हणतेय ते तुळशीला.

कार्यक्रम दुपारी तीनचा. क्रिकेटच्या मैदानाजवळचा एक हॉल, वेस्ट इंडीजच्या लोकांची मॅच संपली की जेवण आणि मग साउंड. बायका पातेली घेऊन आलेल्या. बोकडाच्या मटणाचा रस्सा, आणि त्यात हळद, जिरं, धणे. मी विचारलं हे आमचं इकडं कसं, तर एका बाईनं केतकीकडून सांगितलं की तुमचीच माणसं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांत कामाला आली, त्यांनी आणलं. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी असंच घाबरत लांब आलं होतं. त्यांची मिरची मात्र आपल्या ठेच्याला लाजवेल. मी दोन ग्लास पाणी प्यालो.

आता माझी चूक. ती नीट सांगायची तर चोवीस वर्षं मागं जावं लागेल. एका जत्रेत माझा साउंड होता. स्टेजवर एक गायिका, पब्लिक खवळलेलं, पत्रे बडवायला लागलं. मेन बंद करून कार्यक्रम थांबवायला मी उशीर केला. बाटली आली ती तिच्या कपाळावर. तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमाला मी मेन बोर्डाजवळ उभा राहतो. मॉरिसव्हिललाही राहिलो. बेस इतका होता की कानातली यंत्रं शिट्टी मारायला लागली, म्हणून काढून खिशात ठेवली. आता मला नुसता छातीत ठेका आणि पुढं हलणारी माणसं.

केतकीनं खिडकीचं गाणं सुरू केलं. रेकॉर्डवर नुसती वाद्यं, त्यावर तिचा आवाज. पहिलं कडवं झालं आणि डेल्रॉयनी रेकॉर्डवरची सुई उचलली. गाणं बंद. मला वाटलं सुई उडाली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. ती पुन्हा गायली, दुसऱ्या कडव्यापर्यंत आली, आणि एकदम सगळा हॉल उठला. माणसं भिंतीवर मुठी आपटायला लागली, माझ्या डोक्याशेजारी. बायका पातेल्यांवर झाकणं बडवायला लागल्या. एकानं भोंगा वाजवला. डेल्रॉयनी परत सुई उचलली आणि हात वर करून सगळ्या पब्लिकला काहीतरी ओरडले. स्टेजवर केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पत्रे बडवणारं पब्लिक, थांबलेलं गाणं, तोंड झाकून उभी राहिलेली पोरगी. मी विचार केला नाही. मेनचा खटका खाली ओढला.

दिवसाउजेडाचा हॉल, त्यामुळं अंधार वगैरे काही झाला नाही. फक्त पंखे थांबले आणि शंभर-सव्वाशे माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी खिशातून यंत्र काढून एका कानात घातलं. केतकी माझ्यासमोर येऊन उभी होती.

"मामा, काय केलंस?"

"अगं, मारायला उठले होते."

तिनं शाळेतल्या बाईसारखं सावकाश सांगितलं. या लोकांत गाणं फार आवडलं तर ते संपेपर्यंत थांबत नाहीत. भिंत बडवतात, झाकणं वाजवतात, आणि साउंडवाला मध्येच गाणं तोडून पहिल्यापासून लावतो. याच्यापेक्षा मोठा मान नाही. आपल्याकडं वन्समोअर संपल्यावर देतात. इथं संपूच देत नाहीत. नऊ वर्षांत डेल्रॉयनी तिच्यासाठी कधी सुई उचलली नव्हती. आज दोनदा उचलली होती, आणि मी इमारतीचीच वीज घालवली.

अशा वेळी जमीन दुभंगत नाही, हा अमेरिकेचाही अनुभव.

खटका वर केला. पंखे फिरले, मिक्सर लागला, पण अँप्लिफायर मेलेला. डेल्रॉय गुडघ्यावर बसून मागून बघत होते. म्हाताऱ्याला फ्यूजची टोपी निघत नव्हती. लोक हॉलबाहेर जायला लागले. एक बाई पातेली भरायला लागली. केतकी स्टेजच्या कडेला माईक मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मीनलकाकूंनी दाखवलेली बाल्कनी स्पष्ट दिसत होती.

दाजींची आज्ञा आठवली. विमानतळावरचा तो खिडकीतला साहेब आठवला, तुम्ही इथं काय करणार, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. मग मी खिशातून हात काढले.

फ्यूज गेला होता, त्यांच्या पेटीत दुसरा निघाला. अँप उघडलाच आहे तर ते अर्थिंगही बघितलं. स्क्रू ढिला, वायर काळी पडलेली. सोलली, घासली, आवळली. डेल्रॉय टॉर्च धरून बसले होते. खटका टाकला. साउंड आला, आणि हमिंग नाही. डेल्रॉयनी मान तिरकी केली. गाणं नाही, माणसं नाहीत, नुसता चालू बॉक्स, आणि ते त्या शांततेला कान देऊन किती वेळ बसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मिठाचं तिथं फिटलं असावं.

लोक परत आत आले. तिनं पहिल्यापासून म्हटलं. या वेळी मी दोन्ही यंत्रं कानात ठेवली, शिट्टी तर शिट्टी. शब्द नाही कळले, पण तिसऱ्या कडव्यात तो मिणमिणता दिवा कुठं येतो ते बरोबर कळलं, कारण तिथं तिचा आवाज खाली बसला आणि माझ्याशेजारच्या बाईनं झाकण वाजवायचं सोडून छातीशी धरलं. भिंत पुन्हा वाजली. मीही वाजवली. दोन मुठींनी.

बॉक्स गाडीत चढवताना डेल्रॉय केतकीशी बोलले, आणि तिनं मला सांगितलं. चाळीस वर्षांत मी गाणी थांबलेली पाहिलीत, एका गाण्यासाठी अख्खी इमारत थांबवणारा माणूस आज पाहिला. पुढं तिला म्हणाले, जानेवारीत निघायचं, मफलर आण. एवढंच. चांगलं गातेस वगैरे काही नाही.

"आणि मामा, ते विचारतायत तू जानेवारीत काय करतोयस."

"त्यांना म्हणावं, व्हिसा. आणि हे दाजींना सांगायचं नाही."

केतकी हसली, आणि हसता हसता तिचं तोंड बदललं. सोमवारी ती लॅबला नकार कळवणार. "आईला तू सांगशील? प्लीज. मी सांगितलं की ती पहिल्याच वाक्याला फोन ठेवते."

बघा म्हणजे. मला पाठवलं होतं होकार आणायला. ज्यांनी कान दिले त्यांना मी काय ऐकवायचं? मी तिला म्हटलं, तुम्हा दोघींच्या मध्ये माझं सँडविच झालंय, आणि त्यातही मीठ नाही. तोवर फोन वाजलाच. ताई.

"काय म्हणाली?"

मी व्हॅनच्या पायरीवर बसलो. केतकी दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली, पाठमोरी, पण कान इकडं.

"ताई, तिचं गाणं मध्येच थांबवलं त्यांनी. दोनदा."

ताई हळूच, तीन दिवसांत पहिल्यांदाच काळजीनं, "इतकं वाईट झालं का रे?"

"नाही. तू आधी बस. गॅसवर काही असेल तर बंद कर, आणि मध्ये फोन ठेवू नकोस. पहिल्यापासून सांगतो. तू संध्याकाळी कामावरून यायचीस ना, तुझ्या त्या एक दिवा मिणमिणत्या गाडीतून, तेव्हा पर्लबाईंच्या खिडकीत कोण उभं असायचं, तिथून."